लोकांची पेटी

महिन्याचा पहिला रविवार आला, की आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निवाऱ्याच्या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत बसत. त्या दिवशी पेटी उघडायची असे, आणि पेटी उघडताना घरातलं झाडून सगळं माणूस हजर असलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. ताप, पाहुणे, दुकान, शाळेचे पेपर, कसलीच सबब चालत नसे. धाकटा मुलगा आपलं औषधाचं दुकान मदतनिसावर सोडून येई आणि सारखा फोनकडे बघत राही. त्याची बायको, घरातली धाकटी, शेजारी बसून सारखी त्याच्याकडे बघत राही. शाळेत शिकवणारी मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, ती वह्यांचा गठ्ठा घेऊनच येई आणि आबांचं बोलणं लांबलं की लाल पेन बाहेर काढी. थोरली सून चहा करी. तिला कुठून यायचं नसे, ती राहतच होती तिथे, वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी.

या रविवारी मात्र टेबलावर पेटीच्या आधीच बँकेचे कागद येऊन बसले होते. धाकट्याने आल्या आल्या ते पाहिले आणि त्याचं तोंड उतरलं.

“आबा, हे काय?”

“पेटी आधी,” आबा म्हणाले. “कागद नंतर.”

पेटी म्हणजे जिन्याखाली भिंतीत घट्ट बसवलेलं लोखंडी खोकं. वर एक फट आणि पुढे कुलूप. आबांचा मालवाहतुकीचा धंदा जोरात होता त्या काळात त्यांची बायको जवळच्याच मोठ्या दवाखान्यात होती, आणि आबा पंधरवडाभर तिथल्या जिन्याखाली वर्तमानपत्र अंथरून झोपले होते. ती बरी होऊन घरी आली आणि आबांनी दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावरची ही तीन मजली इमारत विकत घेऊन निवारा उघडला. पेशंटच्या नातेवाइकांना झोपायला खाट, अंघोळीला गरम पाणी, डबा गरम करायला शेगडी. भाडं नाही. जाताना पेटीत मनाला येईल ते टाका, न टाकलंत तरी चालेल. आणि पेटीजवळ कोण उभं आहे तिकडे घरच्यांनी बघायचं नाही. देणाऱ्याला संकोच वाटू नये आणि न देणाऱ्याला तर मुळीच नाही. आबांना या नियमाचा भारी अभिमान होता. घरातल्या मुलांना चालायला लागायच्या आधी पेटीकडे पाठ करायला शिकवलं होतं, असं ताई चिडून म्हणायची.

सुरुवातीची कित्येक वर्षं पेटी ओसंडून वाहिली. खर्च भागून पैसे उरत, उरलेले बँकेत ठेवीत जात. मग दिवस पालटले. दवाखान्याने स्वतःच्या भाड्याच्या खोल्या बांधल्या, पंखेबिंखे असलेल्या, आणि ज्यांच्याकडे चार पैसे होते ते तिकडे वळले. निवाऱ्यात उरले ते, ज्यांच्या पिशवीत रिपोर्टांच्या फायलीशिवाय काही नव्हतं. त्यातून लोकांच्या खिशातल्या नोटाच नाहीशा झाल्या. सगळा व्यवहार फोनवर. आबांना कुणीतरी सुचवलं, पेटीवर फोनने पैसे द्यायचा कागद चिकटवा. आबा म्हणाले, त्यात देणाऱ्याचं नाव येतं. विषय संपला. इकडे चादरी धुणारा, राखणदार, पाण्याचा पंप, गॅस, सगळ्यांनी वर्षाकाठी हात लांब केले. बँकेतली ठेव मोडत मोडत गेली.

पेटी मात्र आटली नाही. सुट्ट्यांत निवारा निम्मा रिकामा असे तेव्हाही तेवढीच भरे, आणि जमिनीवर सतरंज्या टाकायची पाळी येई तेव्हाही तेवढीच. यात काहीतरी गोम आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. या घरात ते कुणी बोलून दाखवलं नाही, आणि त्याचं कारण प्रत्येकाकडे होतं.

आबांनी कुलूप काढलं. ढीग टेबलावर आला.

“बघा,” ते म्हणाले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर लहान मुलासारखी खुशी होती. “पहिल्यांदा कशा नोटा यायच्या! घामाने भिजलेल्या, चारदा घडी घातलेल्या, औषधाचा वास मारणाऱ्या. आता बघा, कशा कोऱ्या करकरीत. लोकांचे दिवस बरे आलेत.”

धाकट्याला खोकला आला. ताईने वहीत डोकं घातलं. थोरली चहाच्या कपबश्या मांडता मांडता थबकली.

कारण त्या ढिगात तिच्या नोटा होत्या. दवाखान्यातल्या नर्सबायांचे गणवेश शिवून मिळालेल्या, लहान लहान, एका बाजूला तोंड करून लावलेल्या. दर महिन्याच्या शेवटी ती त्या टाकी. पण तिच्या नोटांना लागून होत्या त्या कोऱ्या नोटा तिच्या नव्हत्या, आणि त्या कुठल्या रुग्णाच्या भावाने टाकल्या असतील हेही तिला पटत नव्हतं. नोटा कोऱ्या असायला माणूस बँकेच्या मशीनपुढे उभा राहून आलेला लागतो. निवाऱ्यात येणारी माणसं तशी येत नाहीत. हे ती गेली दोन वर्षं जाणून होती आणि मूग गिळून बसली होती.

“आता कागद,” आबा म्हणाले. “नगरपालिकेची नोटीस आलीय हे तुम्हाला माहीतच आहे. वायरिंग बदला, न्हाणीघरं नवी करा, म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट बसवा, नाहीतर कुलूप लावा. मी कर्ज काढतोय. राहतं घर तारण. उद्या सही.”

राहतं घर म्हणजे धाकट्याचं बिऱ्हाड होतं ते. वर घर, खाली दुकान, आणि दोन्ही आबांच्या नावावर.

“आबा, फेडणार कशातून?”

“पेटीतून.”

“पेटीतून!”

“का? आटलीय का? तुझ्यासमोर आहे.”

“त्यापेक्षा दवाखान्याला इमारत द्या ना विकून. त्यांना धुलाईखान्याला जागा हवीय. भाव चांगला देतायत. तीनदा माणूस पाठवला त्यांनी.”

“लोक झोपतात तिथे चादरी धुणार?” आबा म्हणाले. “वा!”

ताईने पेन खाली ठेवलं. भावाच्या विरुद्ध बोलायची संधी ती सहसा सोडत नसे. “आबांनी ठरवलंय ना? तुला काळजी कशाची लागलीय रे, घराची की घराखालच्या दुकानाची?”

“दुकानावरच घर चालतं, ताई,” धाकटी म्हणाली. “शाळेच्या सुट्ट्यांवर नाही चालत.”

“मी तुझ्याशी बोलत नव्हते.”

“मी घराबद्दल बोलत होते.”

“पुरे,” आबा म्हणाले, आणि मग थोरलीला भीती होती तेच झालं. ते ढिगाकडे बघून सावकाश बोलू लागले. “तुम्हाला या पेटीवर भरवसा नाही. मला आहे. मिस्त्री गेला तेव्हा मी म्हणालो होतो, बंद करा हे सगळं. आठवतंय? आणि त्या महिन्यात पेटीचं झाकण लागत नव्हतं. माझ्या पोरासाठी लोक धावून आले. त्या दिवशी मी जेवलो. ज्या लोकांनी मला तेव्हा उचलून उभं केलं, ते मला लिफ्टच्या हप्त्यात बुडवतील?”

थोरलीने हातातली बशी खाली ठेवली.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा, आबांचा थोरला. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे मिस्त्री म्हणायचे, अगदी तीसुद्धा. सात वर्षांपूर्वी तो एका उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तो परत वर आलाच नाही. आबांनी अंथरूण धरलं. जगाच्या पोरांना मी गाद्या घातल्या आणि माझं पोर सिमेंटवर गेलं, असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अन्न सोडलं. निवाऱ्याला कुलूप लावा म्हणाले. आणि कंपनीने थोरलीच्या हातात पैसे ठेवले, मिस्त्रीच्या जिवाचे. तिला त्या पैशांकडे बघवत नव्हतं. घरात तिने सांगितलं, ठेवलेत बँकेत ठेव म्हणून. आणि महिनाभर, दुपारी आबांचा गोळ्या घेऊन डोळा लागला, की ती थोडे थोडे पैसे पेटीत सरकवत राहिली. आबा वाचावेत म्हणून. निवारा राहिला तर आपणही राहू म्हणून. आणि खरं सांगायचं, तर ते पैसे आपल्यापाशी नसावेत म्हणूनही. या तिन्हींतलं कुठलं कारण मोठं, ते तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

तेव्हापासून आबा त्या महिन्यावर जगत होते. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. आता कुणी पेटीचा एक धागा ओढला, तर त्या महिन्यापर्यंतची वीण उसवत जाणार, हे तिला दिसत होतं. आणि धागा नाही ओढला, तर उद्या सही होऊन धाकट्याचं बिऱ्हाड रस्त्यावर यायचं. कुणीतरी दुसऱ्याने बोलावं, असं तिला मनापासून वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

बोलला धाकटा.

“आबा, पेटीत मी टाकतो.”

“काय टाकतोस?”

“पैसे! दर महिन्याला. दुकानातून निघताना मशीनमधून काढतो आणि इथे येऊन टाकतो. त्या कोऱ्या नोटा माझ्या आहेत.”

ताई हसली. “काहीतरीच. तू? तुझ्या हातून कधी पाच पैसे सुटले नाहीत.”

“सुटतात. आठ वर्षं सुटतायत.”

“मग मी काय टाकते?” ताई म्हणाली, आणि आपलंच वाक्य ऐकून तिचं हसू जागच्या जागी मावळलं.

बाहेरच्या नळावर कुणीतरी डबा घासत होतं.

“म्हणजे तूसुद्धा?” धाकट्याने विचारलं.

“पगार झाला की. ठेव मोडायला लागली तेव्हापासून. आबा रोज पेटीवर बोटांनी वाजवून बघायचे, मला बघवेना. मला वाटलं, आपण चिमूटभर घालतोय, बाकीचं लोकांचं आहे.”

“मलाही तेच वाटलं.”

“अहो, पण चिमूटभर म्हणजे किती?” धाकटीचा आवाज चढला. ती नवऱ्याकडे वळली. “पोरीच्या क्लासची फी भरायला नाही म्हणालात. मी माझी बांगडी मोडली. आणि तुम्ही इथे लोखंडाच्या खोक्यात पैसे टाकत होतात?”

“तुला सांगितलं असतं तर तू टाकू दिले असतेस?”

“नसतेच दिले!”

“बरोबर बोलतेय ती,” ताई म्हणाली. धाकटीच्या बाजूने ती पहिल्यांदाच बोलली असावी. धाकटीनेही चमकून तिच्याकडे पाहिलं.

“तू शहाणपणा शिकवू नकोस, ताई. तू कुणाला विचारून टाकत होतीस?”

“मला कुणाची फी भरायची नाही. माझं मी बघते.”

“हो, आणि गळकं छत डोक्यावर घेऊन राहतेस. पावसाळ्यात बादल्या लावतेस. का, तर म्हणे पगारात भागत नाही!”

आबा इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, समोरचे लोक परक्या भाषेत बोलत असल्यासारखे. मग त्यांनी दोन्ही हातांनी नोटांचा ढीग टेबलाच्या मध्यभागी ढकलला.

“उचला.”

“आबा...”

“उचला. ज्याने त्याने आपापल्या नोटा उचला. मला बघायचंय काय उरतं.”

धाकट्याने हात पुढे केला, मागे घेतला, मग चोरासारख्या भराभर आपल्या नोटा वेगळ्या केल्या. ताईने आपल्या काढल्या. एका नोटेवर दोघांचा हात पडला, आणि तिथेही त्यांनी वाद घातलाच, की ती तुझी का माझी. ढीग पार बसला. मग आबांनी मान वर करून थोरलीकडे पाहिलं. काही विचारलं नाही. ती पुढे झाली आणि तिने आपल्या लहान नोटांची चळत उचलली.

“तूसुद्धा, सूनबाई?”

“शिवणाचे, आबा. थोडेच.”

टेबलावर उरली ती चिल्लर. चार-दोन घडी घातलेल्या नोटा, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण आणि दोन गोळ्या शिल्लक असलेली औषधाची एक पट्टी. धाकट्याने सवयीने ती पट्टी उलटून तारीख बघितली. मुदत संपली होती.

आबा त्या चिल्लरीकडे बराच वेळ बघत बसले. त्यांचा चहा गार झाला. थोरलीने तो उचलून दुसरा आणावा की नाही, हे तिला समजेना. माणसाचं वय एका जागी बसल्या बसल्या वाढू शकतं, हे त्या दिवशी तिने डोळ्यांनी पाहिलं.

“म्हणजे मी तुमच्या पैशांवर पुण्यवान होतो,” आबा शेवटी म्हणाले.

“असं नका म्हणू,” ताई म्हणाली.

“मग कसं म्हणू? चार गावांत सांगत फिरलो, की लोकांनी चालवलंय. लोक कधीच निघून गेले होते. आणि तुम्ही एकमेकांच्या पाठीमागे पेटी भरत होता, का, तर म्हाताऱ्याला वाईट वाटू नये. निदान एकाने तरी सांगायचं.”

“सांगणार कसं? पेटीकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, नियम तुमचाच,” धाकटा म्हणाला आणि लगेच त्याला पश्चात्ताप झाला. पण शब्द गेला होता.

आबांनी मान हलवली. बँकेचे कागद उचलले, नीट जुळवले आणि धाकट्याच्या पुढ्यात ठेवले. “हे परत कर. दवाखान्याच्या माणसाला फोन लाव. देऊन टाकू इमारत.”

“आबा, आत्ताच्या आत्ता नको...”

“आत्ताच. इमारत माझ्या नावावर आहे, पैसा माझ्या हातात येईल. त्यातून तुम्ही जे जे टाकलं ते पै न् पै परत करणार. तुमच्या ताटातलं मला नको.”

“मला काही नको,” ताई म्हणाली. मग थोड्या वेळाने, खाली बघत, “छताचं काम मात्र करायला हवंय.”

धाकटीच्या बोटांवर बेरीज चाललेली थोरलीला दिसली. तिला राग नाही आला. बांगडी मोडलेल्या बाईने बेरीज नाही करायची तर कुणी करायची? तिने स्वतःही मनात एक बेरीज सुरू केली होती. इमारत गेली की टोकाची खोली गेली. मशीन ठेवायला जागा हवी, पाठ टेकायला जागा हवी. शिवणाचे परत मिळतील त्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं निघेल. आणि मिस्त्रीचे परत मिळाले, तर स्वतःची खोली होईल. लहानशी, पण कुणाच्या उपकाराची नाही. आबा देतो म्हणतायत. नुसतं सांगायचंय. चोरी केलेली नाही, उलट दिलेलंच आहे.

“एक राहिलं,” आबा म्हणाले.

त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की धाकट्याने फोन बाजूला ठेवला.

“ते मिस्त्रीचं साल. तो महिना. तेही तुमच्यापैकीच कुणी?”

“मी नाही, आबा,” धाकटा म्हणाला. “तेव्हा मी स्वतःच गळ्यापर्यंत बुडालो होतो. टाकायला लागलो होतो, पण ते किरकोळ. एवढे कुठून आणणार?”

“ताई?”

“माझी तर पगारवाढही झाली नव्हती. त्या महिन्यात मीसुद्धा बघून चाट पडले होते.”

आबांनी थोरलीकडे पाहिलं. मग बाकीच्यांनी पाहिलं. आबांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते आणि कड त्यांनी घट्ट धरली होती. उरलेलं एवढंच होतं त्यांच्यापाशी, तो एक महिना. तोही ते स्वतःच्या हाताने पुढे करत होते, कारण देणं फेडायचं तर सगळं फेडायचं, असा त्यांचा हिशेब. एक शब्द बोलली असती, तर तिला घर मिळालं असतं. आणि त्या माणसाला कळलं असतं, की पोरगा गेला तेव्हा दारात कुणीही आलं नव्हतं.

“मी कुठून टाकणार, आबा?” थोरली म्हणाली. “मिस्त्रीचे पैसे तर ठेवीत आहेत. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“खरं?”

“तुमच्याशी खोटं बोलेन का?”

आबांची बोटं टेबलावरून सुटली. “म्हणजे ते लोकांचेच.”

“लोकांचेच.”

“तेवढे तरी,” आबा म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले.

धाकट्याने सुस्कारा सोडला. “बरंच झालं. निदान वहिनींची तरी चिंता नाही. ठेव आहे हाताशी. त्यात छोटीशी जागा सहज येईल. वहिनी, मी बघतो ना एखाद्या एजंटाला सांगून. कुठल्या बँकेत आहे?”

“आहे एका बँकेत. माझं मी बघते, भाऊजी.”

त्यानंतर कामाचंच बोलणं झालं. खाटा कुणाला द्यायच्या, राखणदाराला किती महिन्यांचा पगार द्यायचा, आत्ता वर झोपलेल्यांना कधी सांगायचं. ताईने गादी-उशांची मोजदाद वहीच्या मागच्या पानावर घेतली. पाहता पाहता आबांची इतक्या वर्षांची कमाई अर्ध्या पानात बसली. दुपार व्हायच्या आत सगळे उठले.

धाकटी मात्र जिन्यापाशी रेंगाळली. थोरली कपबश्या घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती, तिला तिने अडवलं.

“वहिनी, ठेव आहे ना हो खरंच?”

“म्हणजे काय?”

“नाही, सहज. तुम्ही सात वर्षं एकच चप्पल शिवून शिवून घालता. ठेव असलेली बाई असं करते का, म्हणून विचारलं.”

“मला सवय आहे.”

धाकटीने तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. सापडलं असावं, कारण तिचा हात थोरलीच्या दंडावर आला. पण मग तो हातही सैल पडला. “आमच्याकडे या म्हटलं असतं. पण दोन खोल्या आहेत. पोरं मोठी झालीत, आणि आता आबाही तिकडेच येणार. तुम्हीच सांगा, कुठे...”

“अगं, कशाला? आहे ना ठेव.”

“आहे ना?”

“आहे.”

धाकटीने मान डोलावली आणि ती भरभर बाहेर पडली. तिला खरं कळलं होतं, आणि कळलं नाही असं धरून चालायचीही परवानगी मिळाली होती. थोरलीने तिला दोष दिला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही दोनदाच विचारलं असतं, तिसऱ्यांदा नाही, असं तिला वाटलं.

कपबश्या विसळून ती परत आली तेव्हा आबा तसेच बसले होते. चिल्लर अजून टेबलावर होती.

“बस, पोरी.”

ती समोर बसली. आबा तिला पोरी फार क्वचित म्हणत.

“एक विचारू? पेटीकडे बघायचं नाही हे मला माहीत आहे. पण तू इथेच असायचीस दिवसभर. त्या महिन्यात मी अंथरुणावर होतो. तुझ्या नजरेला कुणी पडलं होतं का? टाकताना?”

थोरलीने टेबलावरची चिल्लर एका बाजूला गोळा केली. मग म्हणाली, “पडलं होतं.”

“कोण?”

“खूप जण, आबा. एक म्हातारा होता, काठी टेकत आलेला. त्याच्या मुलीचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा इथे राहिला होता.”

“बरं.”

“दोन नर्सबाया यायच्या, ड्यूटी संपली की. एक ट्रक ड्रायव्हर होता. तुमच्याकडे पूर्वी कामाला होता म्हणे. तो बराच वेळ उभा राहिला.”

“उंच? एका डोळ्यात फूल पडलेला?”

“हो, तोच असेल.”

आबांनी डोळे मिटले. “त्याला मिस्त्री लहानपणी मामा म्हणायचा. आणखी?”

ती सांगत गेली. मिस्त्रीने ज्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या त्या इमारतींतली माणसं तिने आणली. शेजारचा किराणावाला आणला. दवाखान्यातून सुटलेला एक नवराबायकोचा जोडा आणला, तान्ह्या बाळासकट. बाळाला टोपडं घातलं. एवढी माणसं खरंच आली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला सांगता सांगता वाटलं आणि आवाज थोडा हलला. आबांच्या ध्यानात आलं नाही. ते मान डोलावत होते, प्रत्येकाला आत घेत होते.

“आणि एक बाई यायची,” थोरली म्हणाली. “रोज. दुपारची.”

“रोज?”

“महिनाभर.”

“कोण होती?”

“ओळखीची नव्हती, आबा.”

“रडायची?”

“नाही. घाईत असायची. टाकायची आणि जायची.”

आबांनी हात जोडले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “जिथे असेल तिथे सुखात असो बिचारी. तिला डोक्यावर छप्पर मिळो.”

“हो, आबा,” थोरली म्हणाली, आणि मशीन घेऊन कुठे जायचं याचा विचार करू लागली.